खारपाणपट्ट्यात मासेमारीचा धक्का: बांधायचा कसा, टिकवायचा कसा

पाऊण किलोची हातोडी घ्यायची आणि पाण्याच्या रेषेपासून वर हातभर खांब ठोकत जायचं. मडकं घेताना बाया बोटानं वाजवून पाहतात, तसंच. चांगलं काँक्रीट टणकन् वाजतं, हातोडी उसळून परत येते. आतली सळई गंजून वरचा थर सुटला असेल तर आवाज भद्द येतो. आमच्या गावतळ्यावर जे पहिलं मचाण, म्हणजे मासे धरायचा धक्का, झालं, त्याचा चौथा खांब मी असा वाजवला आणि तळहाताएवढा पापुद्रा सुटून पाण्यात पडला. आत पाहतो तर बारा मिलिमीटरची सळई पेन्सिलीएवढी उरलेली. मचाणाला तेव्हा पाच वर्षंही झाली नव्हती, आणि त्याच्या टोकावर दोन पोरं गळ टाकून बसली होती. मी त्यांना हाक मारून काठावर आणलं आणि त्याच दिवशी तोंडाशी काट्या आडव्या बांधून ते मचाण बंद केलं.

मी सळई बांधणारा मिस्त्री. गाव दर्यापूर तालुक्यात. अकरा वर्षं कोकणच्या किनाऱ्यावर धक्क्यांच्या कामांवर होतो. तिकडे ज्याला धक्का किंवा जेट्टी म्हणतात त्याला आमच्या गावात लोक मचाणच म्हणतात, कारण वावरातलं मचाण त्यांच्या ओळखीचं. पहिलं मचाण बांधलं तेव्हा मी गावात नव्हतो. दुसरं मी आणि गावानं मिळून बांधलं. ते कसं बांधलं आणि कसं सांभाळतो, ते इथं लिहितो.

समुद्र नसलेल्या वऱ्हाडात खाऱ्या पाण्याची गोष्ट कशाला, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे. इथं त्याला खारपाणपट्टा म्हणतात. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, भिंतींना लोणा फुटतो, ओलीत केलं तर वावर बिघडतं. गावतळं पावसानं भरतं तेव्हा पाणी गोडं असतं. उन्हाळ्यात ते आटत जातं तसं मचूळ होत जातं आणि काठावर पांढरी रेघ उमटते. ती रेघ मी कोकणात रोज पाहिली होती. मीठ तेच, लोखंडाला लागणारी कीडही तीच.

गावाला मचाण हवं का, यावर ग्रामसभेत बरंच बोलणं झालं. "बाप्पा, समुद्र नाही अन् धक्का कायले पाहिजे?" असं एकानं विचारलं. भोईपुऱ्यातले आबाजी उठून म्हणाले, "काठाचा गारा गुडघ्याइतका हाय. म्हाताऱ्या माणसानं गळ टाकाव कुठून?" खरं आहे ते. काळ्या मातीच्या तळ्याला काठ नसतोच, नुसता गारा असतो. जाळेवाले डोंगा घेऊन आत जातात. पण संध्याकाळी दोन चिलाप्या, एखादी मरळ धरून घरी कालवणाची सोय करणारा माणूस काठावरच अडतो. त्याच्यासाठी हे काम आहे.

आधी कागद

तळं कुणाच्या ताब्यात आहे ते तलाठ्याकडून काढून घ्या. ग्रामपंचायतीचं, जिल्हा परिषदेचं की पाटबंधारे खात्याचं, यावर परवानगी कुणाची ते ठरतं. मासेमारीचा ठेका एखाद्या सहकारी संस्थेकडे असेल तर तिच्याशी आधी बसून बोला. गळानं धरायची मुभा किती, जाळं टाकायचं की नाही, हे ठरावात लिहून घ्या. नाहीतर मचाण होतं आणि दुसऱ्या दिवसापासून भांडण सुरू होतं. नकाशा आणि सळईचा तक्ता इंजिनिअरच्या सहीचा हवा. समुद्रकिनाऱ्यावर हेच काम असेल तर महाराष्ट्र सागरी मंडळ आणि किनारा नियमन क्षेत्राची परवानगी लागते, तो वेगळा आणि लांबचा रस्ता आहे.

माप गर्दीचं धरा

रोज मचाणावर दहा माणसं असतील. पण गणपती विसर्जनाला, भुलाबाईला अख्खं गाव त्यावर चढतं. म्हणून वजन धरायचं ते गर्दीचं, चौरस मीटरला ५०० किलो. आमचं मचाण १८ मीटर लांब आणि २ मीटर रुंद आहे, टोकाला ६ बाय ४ मीटरचा ओटा. २ मीटर रुंदी यासाठी की एक जण गळ टाकत उभा असला तरी मागून दुसऱ्याला जाता येतं. पोळ्याला बैल धुवायला लोक तळ्यावर येतात. बैलांसाठी बाजूला दगडी उतार करून द्या, म्हणजे ते मचाणावर येणार नाहीत.

कठडा १.१ मीटर उंच, आणि उभ्या नळ्यांमधली फट १०० मिलिमीटरपेक्षा कमी, लहान लेकराचं डोकं जाऊ नये म्हणून. पण सगळा कठडा एका उंचीचा करू नका. दोन ठिकाणी आम्ही तो ८५ सेंटिमीटरचा ठेवला आहे. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस आणि दहा वर्षांची पोरगी, दोघांनाही तिथून गळ टाकता येतो. त्या दोन जागा कधी रिकाम्या नसतात. खालच्या बाजूला चार बोटं उंच पट्टी द्या, म्हणजे चाक किंवा डबा घसरून पाण्यात जात नाही.

काळी माती

आमच्या भागात शंभर फूट खाली गेलं तरी खडक हाताला लागत नाही. नुसती गाळमाती, वर काळी. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. साधा पाया धरला तर ती दरवर्षी खांबाला धरून वर उचलते आणि सोडते. म्हणून अशा मातीत खाली कंद असलेले पाइल, म्हणजे खोल भोकात ओतलेले काँक्रीटचे खांब, घालतात, ज्याला अंडर-रीम्ड पाइल म्हणतात. कांद्याच्या पातीला जमिनीत कांदा असतो, तसा. आमचा पाइल ३०० मिलिमीटर व्यासाचा, तळाशी कंद ७५० मिलिमीटरचा, म्हणजे अडीच पट. खोली तळ्याच्या बुडापासून साडेचार मीटर. काळ्या मातीत साडेतीन मीटरच्या वर राहूच नका, कारण माती हंगामागणिक हलते ती वरच्या थरात. कंद त्याच्या खाली बसला पाहिजे.

एक गोष्ट मला इथं येऊन कळली. तळ्याच्या आतले खांब फार हलत नाहीत, कारण तिथली माती बहुतेक वर्षभर ओली. हलतात ते काठावरचे, जिथं माती भिजते आणि वाळते. पहिल्या मचाणाचा काठाकडचा पहिला गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, बोटभर वर आला होता. तेव्हा सगळ्यात खोल आणि सगळ्यात नीट पाइल काठाचे घाला. सळई वरपासून कंदापर्यंत अखंड न्या, कारण माती त्या पाइलला वर ओढते आणि ती ओढ सळईच सोसते. काठाच्या तुळईखाली आणि मातीमध्ये चार बोटं मोकळी जागा ठेवा. माती फुगली तर त्या पोकळीत फुगेल, तुळईला ढुशी देणार नाही.

खोदकाम मे महिन्यात. पाणी आटून मागे गेलेलं असतं, टोकाच्या ओट्याभोवती मातीचा बांध घालून पंपानं उपसलं की कोरडं मिळतं. ऑगर, म्हणजे माती खोदायचा मोठा गिरमिट, दोघा-चौघांनी हातानं फिरवता येतो. कंद खरंच झाला की नाही, हे वरून दिसत नाही. त्यासाठी एल आकाराची सळई खाली सोडून चहूबाजूंनी फिरवून पाहायची. आखूड टोक सगळीकडे सारखं फिरलं तर कंद बरोबर. भोकाच्या तळाची सुटी माती काढल्याशिवाय काँक्रीट ओतू नका. भोक पाडलं त्याच दिवशी भरा. रात्रभर उघडं ठेवलं तर सकाळी बाजू ढासळलेल्या असतात.

आणि काठ. खारपाणपट्ट्यातली माती पाण्यात उभी राहत नाही. मातीचं एक ढेकूळ काचेच्या पेल्यात पावसाच्या पाण्यात सोडून पाहा. चांगली माती बसकण मारते आणि वर पाणी नितळ राहतं. आमची माती दहा मिनिटांत दुधासारखी विरघळत पसरते आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच असतं. तिच्यातलं सोडियम कणांना एकमेकांपासून सोडवतं, त्यामुळे ती पावसाच्या गोड्या पाण्यात वाहून जाते. अशा काठाला नुसते दगड रचले तर दगडांमागची माती फटींतून निघून जाते आणि दगड खाली बसतात. आधी रेतीचा थर, त्यावर बारीक गिट्टी, त्यावर मोठे दगड असं करा. दगड आमच्याकडे मिळत नाही, सातपुड्याच्या बाजूनं आणावा लागतो. महाग पडतो, पण यात काटकसर करू नका.

पाणी, सिमेंट आणि दोन इंच

पहिलं मचाण कशानं मेलं, ते मी खांब फोडून पाहिलं. ज्यानं काम घेतलं होतं त्यानं तळ्याशेजारच्या विहिरीचं पाणी काँक्रीटमध्ये मिसळलं आणि त्याच पाण्यानं भिजवलं. म्हणजे मीठ पहिल्याच दिवशी आत गेलं. वर, सळई सेंटरिंगच्या फळीला जवळजवळ टेकलेली. काही ठिकाणी तिच्यावर अर्धा इंचही काँक्रीट नव्हतं.

हे नीट समजून घ्या. सिमेंटच्या आत सळई सुखानं राहते, तिथल्या अल्कधर्मी, म्हणजे चुन्यासारख्या, वातावरणात तिच्यावर एक पातळ पापुद्रा येतो आणि तो गंज येऊ देत नाही. मिठातला क्लोराइड आत झिरपला की तो पापुद्रा फुटतो. मग ओल आणि हवा मिळाली की गंज सुरू. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा घेतो. तो फुगतो तसं वरचं काँक्रीट आतून चिरत जातं. खांबावर उभी चीर दिसली की समजावं, सळई तिच्याच मागं आहे.

आणि हे सगळं कुठं होतं? पाण्याखाली नाही. कोकणातही खांब पाण्यात बुडालेल्या भागात बरे असायचे, कारण तिथं हवा पोचत नाही. खाण्याची जागा असते ती भरती-ओहोटीची आणि लाटांच्या तुषारांची. तिथं भिजतं, वाळतं, मीठ साचतं आणि हवाही मिळते. आमच्या तळ्यात भरती-ओहोटी दिवसात दोनदा येत नाही, वर्षातून एकदा येते. ऑगस्टमध्ये पाणी वर, मेमध्ये खाली. त्या दोन रेषांमधला पट्टा आणि त्याच्या वरचा हातभर भाग, एवढा सांभाळला तर मचाण वाचतं.

म्हणून पाणी. आम्ही शहानूर धरणाच्या नळाचं पाणी टँकरनं आणलं. काँक्रीटच्या कामासाठी आयएस ४५६ हे मानक आहे. सळई असलेल्या काँक्रीटला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइडचं पाणी त्यात चालत नाही. आमच्या विहिरीचा नमुना जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत दिला, आकडा हजाराच्या वर निघाला. रेतीचंही तेच. खाऱ्या नाल्यातली रेती असेल तर गोड्या पाण्यानं धुऊन घ्या.

सिमेंट घेताना दुकानदार सल्फेटविरोधी सिमेंट पुढं करेल. खाऱ्या पाण्यासाठी ते चांगलं नाही. सल्फेटला ते अडवतं, पण क्लोराइडला सहज आत येऊ देतं. स्लॅग सिमेंट घ्या. त्याचं काँक्रीट जास्त घट्ट होतं आणि क्लोराइड त्यातून हळू झिरपतो. मिश्रण एम-३५ (हा काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा), घनमीटरला कमीत कमी ३४० किलो सिमेंट, म्हणजे जवळपास सात पोती. पाणी सिमेंटच्या ०.४५ पटीपेक्षा जास्त नाही. ५० किलोच्या पोत्याला साडेबावीस लिटर, आणि ओल्या रेतीतलं पाणीही यातच मोजायचं. मजूर म्हणतील घट्ट आहे, सरकत नाही, अजून एक बादली टाका. टाकू देऊ नका. सरकवायला प्लास्टिसायझर घाला, व्हायब्रेटर लावा. जास्तीचं पाणी उडून जातं आणि जाताना बारीक वाटा मागं ठेवतं. त्याच वाटांनी मीठ आत येतं.

आता माझं काम, सळई. खांब आणि तुळया, दोन्हींत सळईवर ५० मिलिमीटर काँक्रीट हवं, म्हणजे दोन इंच. समुद्राच्या भरतीच्या पट्ट्यात ७५, आणि तिथं काँक्रीटही एम-४०. हे अंतर धरायला सळई आणि फळीमध्ये कव्हर ब्लॉक बसवतात. ते त्याच काँक्रीटचे घरी पाडून घ्या आणि पाण्यात मुरवा. लाकडाचा तुकडा, फरशीची कापटी, गिट्टीचा खडा घालून काम चालवणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. फरशीच्या कडेनं ओल सरळ सळईपर्यंत जाते. ब्लॉक एक मीटरला एक, आणि तारेनं सळईला बांधलेला, नुसता खोचलेला नको.

एक अगदी बारीक गोष्ट सांगतो, कारण ती नकाशात कधी लिहिलेली नसते. सळई बांधताना बंधाच्या तारेची दोन टोकं बाहेर उरतात. ती पक्कडीनं आत, पिंजऱ्याच्या पोटाकडं वळवा. बाहेर राहिलेलं टोक फळीला टेकतं, फळी काढली की काँक्रीटच्या अंगावर तपकिरी ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे मिठाला दिलेलं दार. अठरा खांबांची तीन हजारांवर टोकं आम्ही वळवली. त्यासाठी मी दोन पोट्टे वेगळे बसवले होते आणि संध्याकाळी प्रत्येक पिंजऱ्यावरून तळहात फिरवून पाहायचो. कुठं टोचलं तर तिथं पुन्हा पक्कड.

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढं जातो. दुपारी काँक्रीट ओतू नका, ओतता ओतता पृष्ठभाग वाळून चिरा पडतात. आम्ही संध्याकाळी सहाला सुरू करून रात्री दिव्यावर ओतलं. सकाळी गोणपाट गुंडाळून १४ दिवस गोड्या पाण्यानं ओलं ठेवलं. गावातल्या घरांनी पाळी लावून घेतली होती. भर उन्हाळ्यात, पिण्याच्या पाण्याची ओढ असताना, लोकांनी खांबांवर पाणी घातलं.

वरची फळी आणि बोल्ट

फळीला लाकूड घ्यायचं की काँक्रीट, यावर माझं मत स्पष्ट आहे. समुद्रात पाण्यातलं लाकूड पोखरणारा किडा असतो, तो चांगल्या खांबाची चाळणी करतो. गोड्या-मचूळ तळ्यात तो नाही, पण पाण्याच्या रेषेवर लाकूड सडतं आणि काठाला उधळी लागते. त्यामुळे पाण्यात लाकूड नको. वर मात्र साग चालतो, पाय भाजत नाहीत. आमच्याकडे पैसा नव्हता, म्हणून आम्ही काँक्रीटच्या सुट्या फळ्या पाडल्या, दोन माणसांना उचलता येतील एवढ्या. त्यांच्यात बोटाएवढी फट. पाणी निचरतं, आणि एक फळी बिघडली तर तेवढीच काढता येते. सुट्या फळ्यांचा दुसरा फायदा म्हणजे तुळईची वरची बाजू दरवर्षी उघडून पाहता येते.

बोल्ट एक तर सगळे गरम जस्ताचे, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले, घ्या, नाही तर सगळे स्टेनलेसचे, एसएस ३१६. जस्ताच्या पाइपला स्टेनलेसचा बोल्ट लावला तर मचूळ ओलीत बोल्टाभोवतीचं पाइपचं जस्त लवकर जातं. दोन्ही एकत्र लावावेच लागले तर मध्ये नायलॉनचं वायसर आणि बुशिंग घाला.

टोकाला मासोळी साफ करायचा कडप्पा बसवला आहे. त्याचं पाणी तळ्यात न सोडता काठावरच्या खड्ड्यात नेलं. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, टाकायला तोंड अरुंद असलेला पाइप कठड्याला बांधला आहे, कारण तुटलेला तंगूस पाणकोंबड्यांच्या आणि बगळ्यांच्या पायांत अडकतो. एका पाणकोंबडीचा पाय मी स्वतः सोडवला आहे. पाण्यातून वर यायला शिडी दोन ठिकाणी, आणि ट्रकची फुगवलेली ट्यूब ३० मीटर दोरीसह खुंटीला टांगलेली. ती ट्यूब पोहायला कुणी नेऊ नये, यावर गावानं लक्ष ठेवायचं.

मासोळी मचाणाखाली आपसूक येते, तिला खांबांची सावली आवडते. टोकाच्या ओट्याखाली बाभळीच्या फांद्यांचा भारा दगड बांधून सोडला तर मरळीला जागा होते. तो भारा खांबांपासून दोन मीटर लांब टाका, म्हणजे गळ अडकला तरी ओढताना खांबाला धक्का नाही.

वर्षातून दोनदा

बांधायला आम्हाला एक उन्हाळा लागला. सांभाळायचं काम संपणारं नाही. रामेश्वरमचा १९१४ सालचा पांबन पूल समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात शंभर वर्षांहून जास्त चालला, गाड्या थांबल्या त्या डिसेंबर २०२२ मध्ये. रंग आणि दुरुस्ती पिढ्यानपिढ्या चालू राहिली म्हणून तो टिकला.

आमची पहिली तपासणी २० डिसेंबरला असते, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला. बाबांनी १९०८ मध्ये ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला, आमच्या लोकांना ते ऐकून माहीत आहे. त्यामुळे त्या दिवशी झाडू घेऊन तळ्यावर यायला कुणाला सांगावं लागत नाही. फळ्यांच्या फटींतला कचरा काढतो, गोड्या पाण्यानं कठडा धुतो, बोल्ट पान्यानं तपासतो. काठावरची बेशरम मुळासकट उपटतो, तिच्या मुळ्या दगडांच्या फटी रुंद करतात. जलपर्णी साचली असेल तर ओढून बाहेर. वाऱ्यानं तिचा ताफा खांबांवर दाबला गेला की त्याचं ओझं अंदाजापेक्षा फार मोठं असतं.

दुसरी तपासणी मेमध्ये, पाणी खाली गेल्यावर. ही खरी. अठराही खांबांना आकडे रंगवले आहेत. प्रत्येक खांब चहूबाजूंनी हातोडीनं वाजवायचा, आवाज वहीत लिहायचा. चीर दिसली तर पेन्सिलीनं तिच्या दोन्ही टोकांना खूण करून तारीख टाकायची. पुढच्या वर्षी चीर खुणेच्या पुढं गेली का, ते कळतं. ०.१ मिलिमीटरपर्यंतच्या चिरेवर नजर ठेवा, त्याहून रुंद असेल किंवा तिच्यातून तपकिरी पाणी गळत असेल तर इंजिनिअरला बोलवा. खांबाच्या बुडाशी माती किती खरवडली गेली ते मोजा.

दुरुस्ती करायची वेळ आली तर वरून गिलावा मारू नका. गिलाव्याखाली गंज चालूच राहतो आणि आता तो दिसतही नाही. भद्द वाजणारं सगळं काँक्रीट फोडा, सळईच्या मागं बोट जाईल एवढं. स्वच्छ, न गंजलेली सळई दोन्ही बाजूंना दिसेपर्यंत पुढं जात राहा. तारेच्या ब्रशनं चकचकीत करा, जस्ताचा प्रायमर लावा, सळई फार झिजली असेल तर शेजारी नवी बांधा, मग पॉलिमरचा दुरुस्ती मसाला थरांनी भरा आणि ओला ठेवा. एवढं करूनही एक धोका राहतो. नव्या मसाल्याच्या कडेला, जिथं जुनं मीठमुरलेलं काँक्रीट सुरू होतं, तिथं गंज नव्यानं धरतो. म्हणून दुरुस्त केलेल्या खांबाची कड पुढची तीन वर्षं मुद्दाम वाजवायची. जुन्या मचाणाचे आम्ही चार खांब वाचवायचा प्रयत्न केला होता, तिघांना असंच झालं. ज्या काँक्रीटमध्ये मीठ कालवूनच टाकलं आहे त्याची दुरुस्ती करत बसू नका, पाडा.

वही ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवू नका, तिथं ती सापडत नाही. आमची वही भोईपुऱ्यात आबाजींच्या घरी असते, हातोडी आणि पेन्सिलीसोबत एकाच पिशवीत. या मे महिन्यातली नोंद अशी: अठरापैकी सतरा टणक. खांब क्रमांक ६, तळ्याकडची बाजू, वरच्या पाणरेषेच्या चार बोटं वर, आवाज थोडा मऊ, चीर नाही. दिवाळीनंतर पुन्हा वाजवायचा.